निवृत्त फुटबॉलपटूंच्या सेवाभावी संस्था: काही पंचवीस वर्षं टिकतात, काही बंद का पडतात?

३० जून २००२. जपानमधलं योकोहामा. ब्राझीलने अंतिम सामन्यात जर्मनीला २-० असं हरवलं आणि कर्णधार काफूने विश्वचषक उंचावला. त्या वेळी त्याच्या जर्सीवर हाताने लिहिलेले शब्द जगभर दिसले: ‘१०० टक्के जार्दिम इरेनी’. जार्दिम इरेनी म्हणजे साओ पावलो शहराच्या दक्षिण टोकाची गरीब वस्ती. काफू तिथेच लहानाचा मोठा झाला होता.

दोन वर्षांनी, २००४ मध्ये, काफूने त्याच वस्तीत मुलांसाठी संस्था सुरू केली. शाळेव्यतिरिक्तचा वेळ मुलांनी रस्त्यावर घालवू नये, खेळावं, शिकावं, हा तिचा हेतू होता. शेकडो मुलं तिथे येऊ लागली. २०१९ मध्ये मात्र ही संस्था बंद झाली. कारण सांगितलं गेलं ते पैशांच्या चणचणीचं.

त्याच शहराच्या उत्तर भागात ब्राझीलच्याच दोन माजी विश्वविजेत्यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेली संस्था मात्र आजही चालू आहे. तोच देश, तेच शहर, तसाच हेतू आणि तितकीच मोठी नावं. मग एक संस्था बंद पडते आणि दुसरी पाव शतक ओलांडते, हे कसं?

खेळाडू स्वतःची संस्था का काढतात?

व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी अनेक जण गरीब घरांतून आलेले असतात. लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेतल्या खेळाडूंबाबत तर हे जास्तच खरं आहे. आपल्यासोबत खेळणारी बाकीची मुलं कुठे राहिली, हे त्यांनी जवळून पाहिलेलं असतं. त्यामुळे ‘गावासाठी काहीतरी करायचं’ ही ओढ बहुतेक वेळा मनापासूनची असते.

दुसरं कारण निवृत्तीचं वय. फुटबॉलपटूची कारकीर्द साधारण पस्तिशीच्या आसपास संपते. पुढे निम्मं आयुष्य असतं, ओळखी असतात आणि नाव असतं. या नावाचं काय करायचं, याचं एक चांगलं उत्तर म्हणजे सामाजिक काम.

तिसरं कारण कमी बोललं जातं. संस्था असली की खेळाडूची प्रतिमा उजळते, प्रायोजकांना ते आवडतं आणि बऱ्याच देशांत करसवलतही मिळते. यात गैर काही नाही. पण संस्था कशासाठी आहे, मुलांसाठी की प्रतिमेसाठी, हा प्रश्न पैसे कमी पडू लागले की हमखास समोर येतो.

खरी अडचण इथेच आहे. खेळाडूची कमाई सर्वाधिक असते ती पंचविशी-तिशीत. संस्थेचा खर्च मात्र दर महिन्याला, वर्षानुवर्षं होत राहतो. शिक्षकांचे पगार, जेवण, वीजबिल, मैदानाची डागडुजी यातलं काहीच खेळाडूच्या निवृत्तीसोबत थांबत नाही. उलट, मुलं वाढतात तसा खर्चही वाढतो. खेळाडूच्या नावाला मिळणारे प्रायोजक मात्र दरवर्षी थोडे थोडे कमी होतात, कारण मैदानावर तोवर नवे तारे आलेले असतात.

म्हणून जी संस्था एका माणसाच्या खिशावर आणि लोकप्रियतेवर उभी असते, तिचं भवितव्य त्या माणसाच्या आर्थिक स्थितीला बांधलेलं असतं. त्याचा एखादा व्यवसाय बुडाला किंवा मोठा प्रायोजक निघून गेला, तर त्याची झळ थेट मुलांना बसते. इमारत राहते, फलक राहतो, पण दुपारी तिथे येणारं मूल पुन्हा रस्त्यावर जातं.

मग दुसरी संस्था कशी टिकली?

राई आणि लिओनार्डो हे दोघंही १९९४ च्या विश्वविजेत्या ब्राझील संघात होते. राई हा डॉक्टर-फुटबॉलपटू म्हणून प्रसिद्ध असलेल्या सॉक्रेटिसचा धाकटा भाऊ. दोघंही पॅरिसच्या पीएसजी क्लबकडून खेळले होते. डिसेंबर १९९८ मध्ये त्यांनी ‘गोल दे लेत्रा’ ही संस्था स्थापन केली. या नावात एक गंमत आहे. एक पाय दुसऱ्या पायाच्या मागून नेऊन केलेल्या देखण्या गोलला पोर्तुगीजमध्ये ‘गोल दे लेत्रा’ म्हणतात आणि ‘लेत्रा’ म्हणजे अक्षर. खेळ आणि अक्षरओळख दोन्ही त्या नावात आलं.

ब्राझीलमधल्या बऱ्याच सरकारी शाळा अर्धा दिवसच भरतात. उरलेल्या अर्ध्या दिवसात आईवडील कामावर आणि मूल एकटं. नेमकी ही पोकळी या संस्थेने हेरली. साओ पावलोतल्या व्हिला अल्बर्तिना या वस्तीत काम सुरू झालं, नंतर रिओ द जानेरोतही. वाचन, कला, खेळ आणि मोठ्या मुलांसाठी रोजगाराची तयारी असा कार्यक्रम ठरला. इथून किती फुटबॉलपटू घडले, हे यशाचं मोजमाप कधीच नव्हतं. २००१ मध्येच युनेस्कोने या कामाची आदर्श नमुना म्हणून दखल घेतली.

ती टिकण्यामागे तीन गोष्टी दिसतात.

पहिली, उत्पन्नाचे अनेक झरे. संस्थापकांचं नाव दार उघडायला उपयोगी पडलं, पण पैसा आला तो कंपन्या, वैयक्तिक देणगीदार आणि सरकारी योजना अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून. ब्राझीलमध्ये २००६ साली झालेल्या क्रीडा प्रोत्साहन कायद्याने कंपन्यांना प्राप्तिकरातला छोटा हिस्सा मान्यताप्राप्त क्रीडा प्रकल्पांना देता येतो. अशा पैशासाठी अर्ज, हिशेब, अहवाल सगळं काटेकोर लागतं. ज्या संस्थेकडे हे करणारी माणसं आहेत, तिलाच तो मिळतो.

दुसरी, रोजचं काम व्यावसायिक कर्मचाऱ्यांकडे. वर्गात शिक्षक शिकवतात, मैदानावर प्रशिक्षक असतात. संस्थापक विश्वस्तांच्या भूमिकेत राहतात.

तिसरी, संस्थापक एकटा नाही. एकाचं लक्ष क्लबच्या कामात गुंतलं तरी संस्था थांबत नाही. राई पुढे धोरणांच्या पातळीवरही उतरला. व्हॉलीबॉलपटू आना मोझेर आणि इतर खेळाडूंसोबत त्याने माजी-आजी खेळाडूंची एक संघटना उभी केली. शाळांमधला खेळ आणि क्रीडा संघटनांमधली पारदर्शकता यासाठी ती कायदेमंडळाशी बोलते. आपली संस्था शेकडो मुलांपर्यंत पोहोचेल, पण कायदा बदलला तर लाखोंपर्यंत, हा त्यामागचा विचार.

द्रोग्बाचं प्रकरण काय होतं?

पैसे कमी पडणं हा एक धोका. पैसे असूनही ते खर्च न होणं, हा दुसरा.

चेल्सीचा स्टार दिदिएर द्रोग्बा याने २००७ मध्ये आपल्या नावाची संस्था काढली. आयव्हरी कोस्टमध्ये आरोग्य आणि शिक्षणासाठी काम करायचं होतं. पेप्सीसोबतच्या करारातून मिळालेले ३० लाख पौंड आबिजान शहरात रुग्णालय बांधायला देणार, असं त्याने २००९ मध्ये जाहीर केलं तेव्हा जगभर कौतुक झालं.

एप्रिल २०१६ मध्ये ‘डेली मेल’ या ब्रिटिश वृत्तपत्राने बातमी छापली. या संस्थेच्या ब्रिटनमधल्या शाखेने सुमारे १७ लाख पौंड देणग्या गोळा केल्या, पण प्रत्यक्ष कामावर खर्च झाले फक्त १४,११५ पौंड, असा दावा त्यात होता. द्रोग्बाने आरोप फेटाळले आणि कायदेशीर कारवाईचा इशारा दिला.

ब्रिटनमधल्या सेवाभावी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘चॅरिटी कमिशन’ने चौकशी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस निष्कर्ष आला: फसवणूक किंवा भ्रष्टाचाराचा पुरावा नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही. आयव्हरी कोस्टमधलं काम तिथल्या वेगळ्या संस्थेकडून आणि द्रोग्बाच्या स्वतःच्या पैशातून होत होतं. ब्रिटनमध्ये लोकांनी दिलेल्या देणग्या बऱ्याच अंशी बँकेतच पडून होत्या. आपण दिलेल्या पैशातून हे काम होतंय, अशी देणगीदारांची समजूत होऊ शकत होती.

म्हणजे पैसा कुणी खाल्ला नव्हता. पण ज्या आजारी मुलांची छायाचित्रं दाखवून तो गोळा झाला, त्यांच्यापर्यंतही तो पोहोचला नव्हता. ‘भ्रष्टाचार नाही’ आणि ‘काम झालं’ ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत, हा या प्रकरणाचा धडा.

पुढे आबिजानमध्ये आयव्हरी कोस्टचा जुना स्टार लॉरां पोकू याच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं. द्रोग्बा २०१८ मध्ये निवृत्त झाला. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या साथीत त्याने हे रुग्णालय उपचार केंद्र म्हणून सरकारला देऊ केलं. घोषणेपासून तोवर अकरा वर्षं गेली होती. गोलसाठी अर्धा क्षण पुरतो, पण रुग्णालयाला जमीन, परवाने, डॉक्टर आणि दरवर्षीचा खर्च लागतो.

स्वतःची संस्था काढायलाच हवी का?

नाही. काही खेळाडूंनी ही दगदग टाळून तितकंच, कधी कधी त्याहून जास्त भलं केलं आहे.

इंग्लंडमध्ये एका क्लबकडून दीर्घकाळ खेळलेल्या खेळाडूसाठी गौरव सामना खेळवण्याची पद्धत आहे. त्याची कमाई त्या खेळाडूला मिळते. आयर्लंडचा नायल क्विन २००२ मध्ये सुंदरलँडकडून खेळत असताना त्याचा असा सामना झाला. त्यातून आलेले सुमारे १० लाख पौंड त्याने मुलांच्या रुग्णालयांना आणि इतर सेवाकार्याला देऊन टाकले. ना नवी संस्था, ना नवं कार्यालय.

झिनेदिन झिदान २००० पासून ‘एला’ या फ्रेंच संस्थेचा पाठीराखा आहे. ल्युकोडिस्ट्रॉफी या मेंदूच्या दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी ती काम करते. संस्था पालकांची, नाव झिदानचं. ज्या आजाराचं नाव उच्चारणंही अवघड, त्याकडे त्याच्यामुळे लोकांचं लक्ष गेलं.

नायजेरियाचा न्वानक्वो कानू याची गोष्ट भारताशी जोडलेली आहे. १९९६ मध्ये त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि काही आठवड्यांतच, इंटर मिलान क्लबच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयाच्या झडपेत दोष आढळला. शस्त्रक्रिया झाली, तो पुन्हा खेळला. २००० मध्ये त्याने हृदयविकार असलेल्या आफ्रिकी मुलांसाठी संस्था काढली. तिने मुलांना शस्त्रक्रियेसाठी परदेशातल्या चालू रुग्णालयांत पाठवलं, त्यात भारतातली रुग्णालयंही होती. इथे ही शस्त्रक्रिया युरोपच्या तुलनेत बरीच स्वस्त होते. त्यामुळे तेवढ्याच पैशात जास्त मुलं वाचतात. आधी इमारत बांधायची की आधी मुलांची शस्त्रक्रिया करायची, या प्रश्नाचं हे एक व्यवहारी उत्तर आहे.

आणि एक वाट म्हणजे सगळ्यांनी मिळून देणं. स्पेनचा खुआन माता मँचेस्टर युनायटेडकडून खेळत असताना २०१७ मध्ये त्याने ‘कॉमन गोल’ ही मोहीम सुरू केली. खेळाडूंनी पगाराचा किमान एक टक्का एका सामाईक निधीत द्यायचा आणि तो आधीपासून काम करणाऱ्या संस्थांना वाटायचा. मॅट्स हुमेल्स, जॉर्जिओ किएलिनी, मेगन रॅपिनो, अ‍ॅलेक्स मॉर्गन असे खेळाडू त्यात आले. यातला महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे: निवृत्तीनंतर देईन असं न म्हणता कमाई सर्वाधिक असतानाच द्यायचं. त्याच उन्हाळ्यात माता मुंबईत येऊन गेला होता. कुलाब्याजवळच्या वस्तीत फुटबॉलच्या आधारे मुलांना शाळेत टिकवून ठेवणाऱ्या ‘ऑस्कर फाउंडेशन’चं काम त्याने पाहिलं होतं.

संस्थापक गेल्यावर काय होतं?

खरी कसोटी हीच. नेदरलँड्सचा महान फुटबॉलपटू योहान क्रायफ याने १९९७ मध्ये संस्था काढली. अपंग मुलांचे खेळ आणि शहरातल्या वस्त्यांमध्ये खेळायला जागा, ही तिची दोन मुख्य कामं. २००३ पासून ‘क्रायफ कोर्ट’ नावाची छोटी कृत्रिम हिरवळीची मैदानं उभी राहू लागली. आज जगभरात अशी अडीचशेहून अधिक मैदानं आहेत.

क्रायफचं मार्च २०१६ मध्ये निधन झालं. मैदानं चालूच राहिली. याचं गुपित सरळ आहे. ही मैदानं एकट्या संस्थेच्या पैशावर उभी राहत नाहीत. स्थानिक पालिका जागा देते, खर्चात भागीदार होते आणि देखभालीची जबाबदारी उचलते. वस्तीतल्याच तरुणांना प्रशिक्षण देऊन मैदानावरचे उपक्रम चालवायला तयार केलं जातं. संस्थेला देशातल्या मोठ्या लॉटरीकडूनही निधी मिळतो. म्हणजे मैदान कुणाचं, असं विचारलं तर त्या वस्तीतली मुलं ‘आमचं’ म्हणतात. कोर्टवरच्या नावामागचा माणूस हयात आहे की नाही, यावर त्यांचा संध्याकाळचा खेळ अवलंबून नसतो.

महाराष्ट्रात आणि भारतात काय चित्र आहे?

आपल्याकडे स्वतःच्या पैशावर मोठी संस्था उभारू शकतील असे फुटबॉलपटू फारसे झाले नाहीत. मुंबईतले खेळाडू वर्षानुवर्षं महिंद्र, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे अशा संघांकडून खेळत आणि तिथेच नोकरी करत. गोव्यात साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स अशा क्लबांनी अनेकांना उभं केलं, पण युरोपसारखी कमाई तिथेही नव्हती.

तरीही फुटबॉलमधून समाजकार्याचं देशातलं एक ठळक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे, आणि ते उभं करणारा माणूस स्टार खेळाडू नव्हता. नागपूरचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभी राहिली. तिथली मुलं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. २०१६ मध्ये या संस्थेला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) बारसे यांच्या कामावरच आधारलेला आहे.

यातून दोन गोष्टी समजतात. मोठं नाव नसलं तरी काम उभं राहतं, फक्त ते हळूहळू वाढतं. आणि मोठ्या नावांनी अशा चालू कामाच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं, तर नवी संस्था काढण्यापेक्षा ते जास्त उपयोगी ठरू शकतं.

पैशाची वाट कायद्यातही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ग्रामीण आणि मान्यताप्राप्त खेळांचं प्रशिक्षण या यादीत आहे. हा पैसा मिळवायला लागतात ती ब्राझीलमध्ये लागली तीच साधनं: नोंदणी, हिशेब आणि अहवाल.

देणगी देण्याआधी काय पाहायचं?

आवडत्या खेळाडूची रील दिसते, खाली क्यूआर कोड असतो आणि आपण दोन-पाचशे रुपये पाठवून मोकळे होतो. एक मिनिट थांबून एवढं पाहा:

- नोंदणी आहे का? महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि त्यांना तिथे हिशेब द्यावे लागतात. ‘८०-जी’ची करसवलत आहे म्हणून संस्था चांगलं काम करतेच असं मात्र नाही. ती सवलत फक्त कराबाबत आहे.
- गेल्या वर्षीचा अहवाल जाहीर आहे का? किती आले, किती खर्च झाले, किती शिल्लक आहेत, हे तीन आकडे मागा. मोठी शिल्लक वाईट नाही, पण ती कशासाठी ठेवली आहे, हे सांगता आलं पाहिजे.
- पैसे नेमके कुणाच्या खात्यात जातात? एकाच नावाच्या दोन संस्था वेगवेगळ्या देशांत असू शकतात. काम एकीचं आणि देणगी दुसरीला, असं होऊ शकतं.
- विश्वस्त कोण आहेत? सगळे एकाच घरातले असतील, तर प्रश्न विचारणारं कुणी नाही असं समजा.
- खेळाडू उद्या बाजूला झाला तर? याचं उत्तर संस्थेकडे असेल तर ती टिकण्याची शक्यता जास्त.

एका गोष्टीत मात्र उदार राहायला हवं. ‘आमचा सगळा पैसा थेट मुलांनाच जायला हवा, पगारावर एक रुपयाही नको’ असं अनेकांना वाटतं. पण मुलांच्या शिक्षणासाठीच्या संस्थेत शिक्षकाचा पगार म्हणजेच मुलांवरचा खर्च. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला पगार दिला नाही, तर हिशेबही राहत नाही. संशय घ्यावा तो पगारांवर नाही, तर झगमगाटी मेजवान्या, जाहिराती आणि वर्षानुवर्षं बँकेत पडून राहिलेल्या रकमांवर.

खेळाडूंच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. काफूने जर्सीवर वस्तीचं नाव लिहिलं, तेव्हा त्यात दिखावा नव्हता. पण वस्तीतल्या आईला कर्णधाराच्या हेतूपेक्षा वेगळी गोष्ट हवी असते. आज दुपारी मूल जिथे पाठवलं, ते दार पुढच्या वर्षीही उघडं असेल ना? त्या प्रश्नाला हो म्हणता यावं, यासाठी चांगला मुनीम, जागे विश्वस्त आणि एकाहून अधिक देणगीदार लागतात. त्यांच्या नावाने स्टेडियममध्ये कुणी घोषणा देत नाही, पण संस्था चालते ती त्यांच्याच जिवावर.